अप्पांना थंडी वाजायची

खालच्या तुकड्याच्या पाण्याचा कॉक पुन्हा बंद होता.

माझ्या भावाने, वीरभद्रने, उकिडवं बसून तो दोन्ही हातांनी चाचपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल म्याच सोडला होता, अक्का. ह्याच हातानं."

"मधेच लाईट गेली असेल."

"लाईट गेली तर मोटार बंद पडती. कॉक कामून फिरंल?"

ठिबकच्या काळ्या नळ्या ओळीओळीतून कोरड्या पडल्या होत्या. दिवस अजून नीट वर आला नव्हता, पण केळीची पानं मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही बाजूंना लोंबली होती. कडा तपकिरी, चुरा होणाऱ्या. घड भरत आले होते. या दिवसांत पाणी तुटलं तर दांडा सुकतो आणि वजनाने घड सटकतो. खाली पडलेल्या घडाकडे व्यापारी बघतसुद्धा नाही. वरचा तुकडा अजून फुलावर आला नव्हता. म्हणजे या वर्षी घराला जे काही मिळणार होतं ते इथेच, या ओळींवर लटकलेलं होतं.

केवळाबाई एका घडाला बांबूचा टेकू देत होती. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती आमच्याकडे कामाला आहे. "कुणाचं भूत फिरून राहिलं का काय," ती म्हणाली आणि लगेच तिने पदर तोंडावर धरला. चौथ्या ओळीच्या शेवटी मातीचा उंचवटा होता, त्यावर वाळलेला बेल. तिथे अप्पा होते.

"म्या तसं न्हाई म्हणलं, मालक."

"राहू दे," वीरभद्र म्हणाला. त्याला मालक म्हणायची सवय तिला आठवडाभरात झाली होती. त्याला ती ऐकायची झाली नव्हती.

आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवतात. आपल्याच शेतात खड्डा घेतात, मांडी घालून बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात, भोवती मीठ, विभूती, बेल. अप्पा गेले त्या दिवशी त्यांचे धाकटे भाऊ, सिद्धलिंगकाका, निलंग्याहून आले होते. वीरभद्रच्या मनात बांधाजवळची जागा होती, उंच आणि कोरडी. काका म्हणाले, तिथं दिवसभर ऊन. माझ्या अण्णाला ऊन कधी सोसलं न्हाई, केळीत बसवा. खड्डा कमरेइतका गेल्यावर काकांनी आत उतरून मातीवर तळवा टेकला. "बघा कसा गारवा हाय. सुखानं बसंल." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. माय काठावर उभी होती. "ओल हाय," ती म्हणाली. ते कुणाच्या बोलण्याला उत्तर आहे असं तेव्हा वाटलं नाही.

*

अप्पांचं आणि उन्हाचं अख्ख्या अर्धापूरला ठाऊक होतं.

निलंगा वर पठारावर आहे. तिथे वैशाखातसुद्धा दिवस बुडाला की ओट्यावर वारा येतो. अर्धापूर खाली, नदीच्या खोऱ्यात. इथे दिवेलागणीनंतरही भिंतीला पाठ टेकवत नाही. नकाशावर हे अंतर बोटभर आहे. माय आजोबांची एकुलती एक, म्हणून लग्नानंतर अप्पा इकडे आले. एक तर घरजावई, त्यात घाटावरचा. पहिल्याच वैशाखात ते केळीला पाणी देताना आडवे झाले. चौघांनी बाजेवर घालून, वर ओली केळीची पानं पसरून घरी आणलं. वाटेत लोक विचारायचे, कोण गेलं? आणणारे म्हणायचे, कुणी न्हाई, जावई तापला.

"जावयाला अंगठी कामून दिली, पंखा द्यायचा होता," हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक लग्नात ऐकलं आहे. अप्पाही हसायचे. टोपीत कांदा, डोक्याला ओला टॉवेल. शेतात पहाटे जायचे आणि दुपारी केळीच्या ओळीत उघड्या अंगाने ओल्या मातीवर पडून राहायचे. उलट हिवाळ्यात हसण्याची पाळी मायची. मार्गशीर्षात ती चुलीजवळून हलायची नाही आणि अप्पा अंगणात नुसत्या बनियनवर दात घासत उभे असायचे. "आमच्या निलंग्याला ह्याला थंडी म्हणत न्हाईत," ते म्हणायचे.

मी लातूरला शिकवते, तेही घाटावरच. अप्पांचा फोन आला की बाकीच्यांचे वडील सासूसासऱ्यांची खुशाली विचारतात तशी ते लातूरच्या हवेची विचारायचे. मग म्हणायचे, "इकडं आग लागलीय. तू येऊ नको बघ." मागच्या महिन्यातही असंच म्हणाले होते. मी गेले नाही. ते आजारी आहेत हे माहीत होतं, रक्त कमी झालंय, गोळ्या चालू आहेत. आग लागली आहे हेही माहीत होतं.

भेटायला येणारे तेच किस्से सांगत होते. बाजेचा, कांद्याचा, पंख्याचा. सांगताना हसू यायचं, मग आठवायचं की कशासाठी आलोय, मग ते खाकरायचे. माय आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची. तिच्या तोंडावर हसूही नव्हतं आणि रागही नव्हता. शिळं झालेलं काहीतरी ऐकत असल्यासारखी ती बसायची.

"आत्याबाई जेवून राहिल्या न्हाईत," दीपमाला, वीरभद्रची बायको, मला स्वयंपाकघरात म्हणाली. "आन् दुपारच्याला कुठं जातात कोण जाणे. इचारलं तर म्हणतात परसाकडं. येवढा येळ?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी माय उठलेली मी पाहिली आणि तिच्या मागे गेले.

रस्त्यावर कुणी नव्हतं. डांबर मऊ झालं होतं. माय अनवाणी चालली होती, नेहमीसारखीच. तिच्या टाचांना या जमिनीची ओळख होती. मी ओढणी डोक्यावरून घेतली, नाकावरून घेतली, तरी श्वास आत जाताना टोचत होता. ती एकदाही सावली शोधून थांबली नाही. मी प्रत्येक बाभळीखाली थांबले.

मी पोचले तेव्हा तिने कॉक फिरवला होता. मग ती चौथ्या ओळीतून आत गेली, उंचवट्यापाशी बसली आणि कडेच्या मातीत तिने बोटं खुपसली. मनगटापर्यंत. हात तसाच आत ठेवून ती वाट बघत राहिली. तापलेल्या पोराच्या सदऱ्यात आपण हात घालतो, तसा.

"माय."

ती दचकली नाही. "बस खाली. ऊन लागंल."

"पाणी तू बंद करतेस?"

"मग कोण करंल? भद्रा रोज सोडतो." तिने हात बाहेर काढला. बोटांना काळी चिकट माती होती. "बघ. समदी ओल त्येंच्या बुडाखाली चाललीय."

"घड सटकतील, माय. बाग जाईल."

"मालूम हाय मला. केळी म्या बी केल्यात." ती माती लुगड्याला पुसत म्हणाली, "त्येंना थंडी वाजायची."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कुणाला?"

"तुझ्या अप्पांना."

"अप्पांना ऊन सोसायचं नाही."

"त्ये आधी." तिने हे इतकं सहज म्हटलं, जणू अप्पांनी मधे कधीतरी गाव बदललं होतं. "दिवाळीपासून थंडी. हाडात शिरली म्हणायचे. हात लावला तर बर्फावानी."

ओळखीच्या माणसाबद्दल कुणी सांगावं की तो डावखुरा होता, तसं काहीसं झालं. मी म्हणाले, "मला तर मागच्या महिन्यात म्हणाले, आग लागलीय."

"म्हणले असतील."

"मग?"

"मग काय. लागलीच व्हती आग."

झाडीत कुठेतरी धप्प आवाज झाला. आम्ही दोघी उठलो. दुसऱ्या ओळीतला एक घड टेकूसकट खाली आला होता. हिरव्या फण्या फुटून चीक गळत होता. माय त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण ती कॉककडे गेली नाही. तो उघडायला मी गेले, आणि तिने मला अडवलंही नाही. फक्त म्हणाली, "तू सोड. म्या उद्या परत बंद करंन."

*

वीरभद्रला मी संध्याकाळी सांगितलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"थंडी? अक्का, रोज मी व्हतो त्यांच्यासंगं. कुणीबी घरात आलं की टॉवेलनं वारा घेऊन राहायचे. उकडतंय उकडतंय."

"कुणी आलं की," दीपमाला भाकरी थापता थापता म्हणाली.

"मंजे?"

"मंजे काय न्हाई. होळीला म्या गोधड्या धुतल्या. एक वाळायच्या आधीच आत्याबाईंनी उचलून नेली. म्हणलं एवढ्या उन्हात गोधडी कशाला. म्हणल्या, उशाला पायजे." तिने भाकरी तव्यावर टाकली. "म्या सून. म्या कशाला इचारू."

वीरभद्र ताटावरून उठला आणि मायसमोर जाऊन उभा राहिला. "माय, अप्पांना काय व्हायचं मला सांगायचं न्हाई का? मी कोण हाय?"

"तू जेव आधी."

"कॉकला कुलूप घालीन मी."

"घाल," माय म्हणाली. "म्या नळी कापंन."

तो बाहेर गेला आणि अंगणात नुसता उभा राहिला. माझा भाऊ रागावला की भांडी आपटत नाही. तो पाण्याच्या टाकीत बादली बुडवून डोक्यावर ओततो. ते पाणीही कोमट होतं.

*

सिद्धलिंगकाका दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. अकराव्याचं जेवण तीन दिवसांवर होतं, त्याची तयारी करायची म्हणून ते आधी आले होते. पण बसस्टँडवरच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या वहिनी केळीचं पाणी तोडून राहिल्यात. केवळाबाईच्या तोंडून गावात गेलं असावं. काका पिशवीही खाली न ठेवता आत आले.

"वहिनी, जागा म्या दाखवली म्हणून बोलून राहिल्या का तुम्ही?"

"भाऊजी, च्या घ्या."

"च्या ऱ्हाऊ द्या. माझा अण्णा मार्गशीर्षात ओट्यावर उघडा झोपायचा. आमची अव्वा पांघरूण घालायची, ह्यो लाथेनं काढायचा. त्येला थंडी? माझ्या अण्णाला म्या थंडीत बसवला, आसं म्हणायचं का तुम्हाला?"

काकांचा आवाज चढला तसा घाम त्यांच्या कानामागून सदऱ्यात उतरू लागला. तेही घाटावरचेच. दीपमालाने पंखा त्यांच्याकडे वळवला.

"साठ वर्साचा भाऊ हाय माझा. मला सांगता?"

"चाळीस वर्सं म्या त्येंच्या कुशीला निजले," माय म्हणाली. आवाज चढवला नव्हता. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि वीरभद्रने जमिनीकडे पाहिलं.

काकाच पुढे म्हणाले, "मग आता काय, उकरायचं का?"

माझ्या डोळ्यांसमोर ते आलं, आणि सगळ्यांच्याच आलं असावं. शेवटी वीरभद्र म्हणाला, "चर मारू. चौबाजूनं, गुडघ्याच्या वर खोल. जवळच्या झाडांच्या नळ्या काढून टाकू. ओल आडवी जायची न्हाई. ती पाचसात झाडं गेली तर गेली. माय, मग तर पाणी सोडू देशील?"

मायने विचार केला. "चर मारल्यावर बघू."

"बघू न्हाई. हाव म्हण."

"हाव."

*

वरच्या तुकड्याचं पाणी दुपारपर्यंत होतं. तेवढ्यात चर संपवून मग खालचा कॉक सोडायचा असं ठरलं. वीरभद्र आणि काका कुदळ मारू लागले. मी आणि केवळाबाई घमेल्यांनी माती बाहेर काढत होतो. वरची माती दगडासारखी, कुदळ उडून यायची. वीतभर खाली ती ओली होती आणि फावड्याला चिकटून बसायची. काका उंचवट्याच्या बाजूला फार जपून कुदळ टाकत होते. पाच-सहा घावांनंतर ते थांबायचे, डोळ्यांत गेलेला घाम उपरण्याच्या टोकाने टिपायचे आणि स्वतःशीच बोलायचे. "येन माडोदु," त्यांनी एकदा म्हटलं. काय करायचं. निलंग्याकडची कानडी त्यांच्या तोंडात दमल्यावरच येते.

"दाजी, तुम्ही सावलीला बसा," केवळाबाई म्हणाली. "एक जावई तापलेला बघितलाय आम्ही. दुसरा नको."

काका हसले. मग उंचवट्याकडे बघून पुन्हा कुदळ उचलली.

केवळाबाईला मी विचारलं, अप्पा शेतात यायचे तेव्हा कुठे बसायचे? ती म्हणाली, पुसाच्या थंडीत बांधावर, उन्हाला पाठ करून. आणि होळीनंतर? होळीनंतर पाटात पाय सोडून. "दोन्ही?" मी विचारलं. "दोन्ही कसं व्हईल, ताई," ती म्हणाली, आणि स्वतःच गोंधळली. "पाटात बसायचे ते मागच्या साली असंल. का त्याच्या मागं. म्या काय ध्यानात ठिवून राहिले का."

माझ्या तळहातांना फोड आले होते. त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते हे, की घाम येणं बंद झालंय. हे चांगलं लक्षण आहे असं मी क्षणभर समजले. मग केळीची ओळ जागची हलली, घमेलं खाली गेलं, आणि कुणीतरी म्हणालं, "धरा, धरा, पडून राहिली."

शुद्धीवर आले तेव्हा मी दाट सावलीतल्या ओळीत मातीवर पडले होते आणि मायने माझ्या अंगावर केळीचं ओलं पान टाकलं होतं. ती माझ्या तळपायांना फोडलेला कांदा चोळत होती. मला ओकारी आली. तिने माझं डोकं कुशीला वळवून धरलं, तोंड पुसलं आणि पुन्हा पायाकडे गेली.

"इथं जलमलेली पोर," ती म्हणाली. "घाटावर जाऊन घाटावरची झाली. त्येंचंच रगत."

दूरवर कुदळीचे आवाज चालू होते. दोघं चर संपवत होते.

"माय," मी म्हणाले. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. "त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"काय?"

"थंडीचं."

कांदा फिरवता फिरवता ती बोलू लागली, माझ्याकडे न बघता.

"चाळीस वर्सं गाव हसलं. ऊन सोसंना, ऊन सोसंना. आता भर चैतात माणूस हुडहुडून राहिला. कसं सांगायचं? मला म्हणायचे, शिवकांता, दार लाव. दार लावून म्या गोधडी घालायची, वर दुसरी घालायची. अंगणात चप्पल वाजली की हे गोधडी फेकायचे, टॉवेल घेऊन वारा घ्यायचे. माणूस गेलं की परत घाल. मला हसू यायचं. त्येबी हसायचे. दात वाजायचे आन् हसायचे."

मला ते दिसलं. बंद दाराच्या आतलं ते घर, ज्यात आम्ही कुणीच कधी गेलो नव्हतो.

"मग भद्राला तरी—"

"शपथ घातली व्हती." ती थांबली. कांद्याचा वास नाकात जळत होता. "गेले त्या दिवशी दुपारी मला म्हणले, पंखा लाव."

मी मान तिच्याकडे वळवली.

"म्या म्हणलं, कुणी आलं न्हाई, कशाला नाटक करता. न्हाई म्हणले, लाव, जीव घाबरा होऊन राहिला, लई उकडतंय. म्या हात लावून बघितला. गारच व्हता हात. म्हणलं, ह्येंना कळंना झालं. म्या गोधडी वढली गळ्यापोत. दोनदा म्हणले लाव म्हणून. मग न्हाई म्हणले."

ती माझा पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. माझ्या टाचेवर तिचा अंगठा होता, आणि तो थांबला होता.

"हात गार व्हता, शिवानी. पण हातच की. आतून कसं व्हतं मला काय मालूम?"

मला बरीच पुस्तकं माहीत आहेत. शरीर जाताना काय होतं, रक्त कुठून कुठे ओढलं जातं, हेही मी कधीतरी वाचलेलं आहे. त्यातलं काहीही तिला सांगितलं असतं तर एक बाजू तरी खरी ठरली असती. पण कोणती, हे मला ठरवता आलं नाही. मी उठून बसले आणि तिच्या खांद्याला टेकले. ती तापलेली होती, नेहमीसारखी. या मुलखाची.

*

चर झाला. उंचवट्याभोवती काळा चौकोन, कडा नीट तासलेल्या. जवळच्या झाडांच्या नळ्या वीरभद्रने गुंडाळून बाजूला ठेवल्या. काका चराच्या कडेला बसले होते, चेहरा लाल, उपरणं मानेवर. दीपमाला पन्ह्याचा तांब्या घेऊन आली होती. सगळे मायकडे बघत होते.

माय चराभोवती एक चक्कर फिरली. खाली वाकून तिने आतली माती बघितली. वरून आता नुसतं ऊन पडत होतं. जी पानं सावली धरत होती ती काम करताना छाटली गेली होती.

"आता इथं कायम कोरडं ऱ्हाईल?" तिने विचारलं.

"हाव. टिपूस जायचं न्हाई," वीरभद्र म्हणाला.

"तापंल मग."

"काय?"

"ही माती भेगाळंल. वरून ऊन. तापंल की."

वीरभद्रने फावडं खाली टाकलं. "माय, काल म्हणलीस ओल हाय."

"म्हणले की."

"मग आता?"

"बुजव म्हणलं तर बुजवशील का चर?"

काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. केवळाबाईने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आणि ती हसतेय की काय ते मला समजलं नाही. वीरभद्रचा आवाज फाटला. "माय, एक कायतरी सांग. त्येंना ऊन लागायचं का थंडी वाजायची? एक सांग. तू म्हणशील तसं करतो."

"एक असतं तर सांगितलं नसतं का, बाबा."

त्याच्याकडे बघून ती हे हळूच म्हणाली. तो चराच्या मातीवर खाली बसला आणि त्याने मनगटाने डोळे पुसले. आठवडाभरात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. दीपमाला त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तांब्या हातात तसाच.

तेवढ्यात वरच्या तुकड्याकडून गड्याने तिकडचं पाणी तोडल्याची आरोळी दिली. मोटार चालू होती. पाणी कुठेतरी सोडावंच लागणार होतं, नाहीतर पाइप फाटला असता.

माय कॉकपाशी गेली. खाली बसली, पदर खोचला आणि तिने तो उघडला. नळ्यांमध्ये हवा खरखरली, मग प्रत्येक बुडाशी थेंब धरू लागला. आम्ही सगळे ऐकत होतो. थोडा वेळ गेला. तिने कॉक अर्ध्यावर आणला.

"अर्ध्यानं शेवटापोत दाब जात न्हाई," वीरभद्र बसल्या जागेवरून म्हणाला.

"जाईल. मग परत पुरा सोडते."

"असं दिवसभर करून राहणार का तू?"

"मला दुसरं काय काम हाय?"

वीरभद्र उठला, चराच्या एका बाजूची माती त्याने फावड्याने आत लोटली, पुन्हा थांबला, आणि बाकीच्या तीन बाजू तशाच ठेवून टेकू बघायला ओळीत गेला. काका त्याच्या मागे गेले.

मी मायशेजारी बसले. तिने कॉक पुरा सोडला. आता पाण्याचा आवाज वेगळा होता, भरलेला. ती मान कलती करून ऐकत होती, हात चाकावरच.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं. "कमी करू?"

मी उंचवट्याकडे बघितलं. तिथे काही हलत नव्हतं.

"मला कळत नाही, माय."

"मलाबी न्हाई," ती म्हणाली, आणि जरासा फिरवला.